खाजणाचा हिशेब कोणत्या चौकटीत मांडावा?

खाजण शेतीचा, म्हणजे भरतीचे खारे पाणी बांधांनी अडवून केलेल्या खाडीकाठच्या शेतीचा, नैसर्गिक भांडवल म्हणून हिशेब मांडू पाहणाऱ्या गोव्यातील ग्राम जैवविविधता समितीपुढे, कूळ संघटनेपुढे किंवा कंपनीपुढे आज मुख्यतः तीन आंतरराष्ट्रीय चौकटी आहेत, आणि त्या एकाच प्रश्नाची उत्तरे देत नाहीत.

पहिली संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२१ मध्ये स्वीकारलेली परिसंस्था लेखापद्धती, म्हणजे सीया-ईए (सिस्टम ऑफ एन्व्हायर्नमेंटल-इकॉनॉमिक अकाउंटिंग – इकोसिस्टम अकाउंटिंग). तीत क्षेत्र, स्थिती आणि सेवा यांची वेगवेगळी खाती असतात. क्षेत्राच्या खात्यात आरंभीचे क्षेत्र, भर, घट आणि अखेरचे क्षेत्र ओळीने मांडावे लागते. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले आणि तिथे खारफुटी वाढली, तर निव्वळ खारफुटी मोजणाऱ्याला ती वाढच दिसेल. या खात्यात मात्र तेवढेच खाजण घटलेलेही दिसते. माझ्या मते गोव्यासाठी या पद्धतीचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

रुपयांचा प्रश्न अधिक अवघड आहे. सीया-ईएमध्ये भौतिक मापनाला मानकाचा दर्जा आहे, मूल्यांकनाच्या प्रकरणांना मात्र तत्त्वे आणि शिफारशींचाच. शिवाय तिथे विनिमय मूल्य, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहारात मिळेल ती किंमत, धरतात, तर पर्यावरणीय परिणामांचे पैशांत मूल्यांकन करण्यासाठीच्या २०१९ च्या आयएसओ १४००८ या दुसऱ्या चौकटीत लोकांची पैसे मोजण्याची तयारीही मूल्य ठरवताना विचारात घेता येते. म्हणून दोन्हींतून आलेले आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. मानशीवरील, म्हणजे भरतीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या बांधातील जलद्वारावरील, मासळीची पावणी (लिलाव) होते, तेव्हा तिचा आकडा आयता मिळतो. पण जास्त मासळीच्या लोभाने भरतीचे पाणी गरजेपेक्षा अधिक आत घेतले, तर पावणीची रक्कम वाढते आणि भाताची जमीन खारावते. रुपयांचे खाते फुगत असताना स्थितीचे खाते खालावत जाते, आणि पुराचे पाणी अडवणाऱ्या बांधाचे तर कोणी बिलच काढत नाही.

तिसरी टीएनएफडी, म्हणजे निसर्गाशी संबंधित आर्थिक माहिती उघड करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कृतिदलाची (टास्कफोर्स ऑन नेचर-रिलेटेड फायनान्शियल डिस्क्लोजर्स) चौकट. सप्टेंबर २०२३ च्या या शिफारशी कंपन्यांनी निसर्गावरील अवलंबन, परिणाम आणि जोखीम गुंतवणूकदारांपुढे उघड करण्यासाठी आहेत. त्या ऐच्छिक आहेत. जुवारी नदीकाठच्या हॉटेल कंपनीला त्या उपयोगी पडतील. गावाला नाहीत, कारण त्यांचा केंद्रबिंदू कंपनी आहे, गावाचा भूभाग नव्हे.

तेव्हा समितीने सीया-ईएच्या क्षेत्र आणि स्थिती या दोन खात्यांपासून सुरुवात करावी, मातीची क्षारता, बांधाची अवस्था आणि मानशीच्या दारांची उघडझाप नोंदवावी, आणि रुपयांचा आग्रह पुढे ढकलावा. कंपनीने टीएनएफडी निवडली तरी तिच्या पायाशी हीच दोन खाती असावीत. कुडचड्याजवळील नंदा तळ्यासारख्या, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आलेल्या ४२ हेक्टरांच्या पाणथळीत काम करायचे असेल, तर तिथले पाणी हंगामाप्रमाणे बदलत असल्याने मोजणीचा महिना आधी ठरवून दरवर्षी तोच पाळावा लागेल.