कॅम्पर ओढायला फोर्डची एफ-१५० की तिची थोरली बहीण एफ-२५०?

अमेरिकेत पिकअप घेताना जाहिरातीतला ओढण्याचा आकडा बाजूला ठेवा आणि ड्रायव्हरचं दार उघडा. तिथल्या पिवळ्या स्टिकरवर गाडी अंगावर किती भार घेते ते छापलेलं असतं. ७,००० पौंडांचा कॅम्पर, म्हणजे मागे ओढायचं चाकांवरचं घर, हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर) साधारण ७०० ते १,०५० पौंड टाकतो. वर चार माणसं, सामान, कूलर. इंजिनात दम असूनही एफ-१५०चं गणित बहुतेकदा इथेच फिसकटतं.

एफ-२५० रिकामी असताना खड्ड्यांत आदळते, पार्किंगलाही जड जाते. पण कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्यानंतरच्या लांब उतारावर डिझेल इंजिनाचा एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनानेच गाडी मंदावणारा) वेग आवरून धरतो, तेव्हा मागे बसलेल्या पोरांची काळजी खरंच कमी होते. छोटी बोट न्यायला एफ-१५० पुरे. मोठा फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा कॅम्पर, असेल तर एफ-२५०च घ्या.