शहापूरच्या खडेबाजारातील बूट दुरुस्तीचे दुकान: फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या पालकांसाठी

बेळगावात शहापूरच्या खडेबाजारात, साड्यांची आणि सराफांची दुकाने संपत आली की एका बोळाच्या तोंडाशी चप्पल-बूट दुरुस्तीचे एक लहानसे दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. दुकानदार मूळचे अथणीचे असून त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या कोल्हापुरी चपला करण्याचे काम चालत आले आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील चार जिल्ह्यांचाही त्यात समावेश झाला आणि आपला बेळगाव जिल्हा त्यांपैकी एक आहे. चामड्याचे काम जाणणाऱ्या अशा हातांकडे फुटबॉलचे बूट घेऊन जावे, हे मात्र मला दोन दुकानांतून परत आल्यावरच सुचले.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि गेली चार वर्षे टिळकवाडीच्या लेले मैदानावर सराव करते. ती डाव्या बगलेवर खेळते, म्हणजे वेगाने धावत जाऊन अचानक वळणे हाच तिचा निम्मा खेळ. जिल्हा निवड चाचणीला सतरा दिवस उरले असताना तिच्या उजव्या बुटाचा सोल चवड्यापाशी सुटला. ज्या दुकानातून तो बूट घेतला होता, तेथे ‘नवीन घ्या’ एवढेच उत्तर मिळाले. मुलींसाठी वेगळा बूट आहे का, असे विचारल्यावर मुलांच्याच बुटाचा एक अंक लहान जोड पुढे करण्यात आला. दुसऱ्या ठिकाणी सोल्युशन लावून सोल दाबून दिला, तो तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. सोलपेक्षा मोठी तक्रार वेगळीच होती आणि ती आम्ही दोन हंगाम अंगवळणी पाडून घेतली होती. तिच्या दोन्ही टाचांना कायम फोड येत आणि करंगळीचे नख काळे पडलेले असे.

ही तक्रार तिच्या एकटीची नाही. फुटबॉलचे बहुतेक बूट पुरुषाच्या पायावरून केलेल्या फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, तयार होतात. लांबी सारखी असली तरी स्त्रीच्या पायाची टाच सहसा अरुंद आणि चवडा त्या मानाने रुंद असतो, त्यामुळे असा बूट पुढे आवळतो आणि मागे ढिला राहतो. युरोपियन क्लब असोसिएशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत तेथील अव्वल क्लबांच्या ८२ टक्के महिला खेळाडूंनी बुटांमुळे वेदना किंवा त्रास होत असल्याचे सांगितले होते. ज्यांच्या दिमतीला डॉक्टर आणि फिजिओ असतात, त्यांची ही स्थिती. त्याच वर्षी नायकीने महिला खेळाडूंना समोर ठेवून ‘फँटम लूना’ हा बूट बाजारात आणला आणि वळताना पाय जमिनीत अडकू नये म्हणून त्याच्या चवड्याखालील स्टड (जमिनीत रुतणारे खुंट) गोलाकार मांडले. गुडघ्याच्या पुढच्या अस्थिबंधाची दुखापत महिला फुटबॉलपटूंमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. स्पेनची अलेक्सिया पुतेयास २०२२ च्या युरो स्पर्धेला मुकली आणि इंग्लंडची लिआ विल्यमसन २०२३ च्या विश्वचषकाला, त्या दोघींचेही कारण हीच दुखापत होते. या दुखापतीमागे अनेक कारणे असतात आणि केवळ बुटाला दोष देता येणार नाही, हे मी जाणतो. तरीही आत टाच हलणारा बूट घालून मुलीला रोज दोन तास वळायला लावणे मला यापुढे मान्य नव्हते.

शहापूरच्या दुकानात बूट हातात घेण्याआधी दुकानदारांनी मुलीला बोळात दहा पावले धावून दाखवायला सांगितले. मग इनसोल बाहेर काढून त्यावरचे झिजेचे डाग पाहिले, ती कोणत्या पायाने चेंडू मारते ते विचारले, आणि कागदावर तिच्या दोन्ही पावलांची रेघ ओढून घेतली. ‘टाच हालालीय हिची आत. बूट पोराच्या पायावर केलाय,’ असे ते म्हणाले. चार वर्षांत हे आम्हाला प्रथमच कोणीतरी सांगत होते, आणि सांगणाऱ्या माणसाने जन्मात फुटबॉल खेळलेला नव्हता.

कामाला चार दिवस लागले. आधीच्या दुकानात लावलेले सोल्युशन त्यांनी पूर्ण खरवडून काढले, दोन्ही पृष्ठभाग पॉलिशपेपरने घासले, सोलच्या कडेने रापीने बारीक पन्हळ पाडली आणि तीत मेण लावलेला नायलॉनचा दोरा आरीने ओवून सर्व बाजूंनी शिलाई घातली. दोरा पन्हळीत बसल्यामुळे तो जमिनीला घासत नाही. त्यानंतर नवे सोल्युशन लावून बूट रात्रभर शिकंज्यात ठेवला. टाचेच्या आत दोन्ही बाजूंना त्यांनी चामड्याच्या खरखरीत बाजूच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. त्या कडेकडे इतक्या निमुळत्या तासल्या होत्या की बोट फिरवले तरी जोड कळत नव्हता. बुटाचा पुढचा भाग दोन रात्री फर्म्यावर ताणून ठेवला. बूट कृत्रिम कातड्याचा असल्याने तो फारसा सैल होणार नाही, हे त्यांनी काम घेतानाच सांगितले होते आणि झालेही तसेच. नख काळे पडणे कमी झाले, पण थांबले नाही. दोन्ही बुटांच्या शिलाईचे साडेतीनशे आणि टाचेच्या पट्ट्यांचे एकशे वीस, असे एकूण चारशे सत्तर रुपये घेतले.

त्याला आता पाच महिने झाले. शिलाई कोठेही उसवलेली नाही, टाचेचे फोड दुसऱ्या आठवड्यापासून बंद झाले, आणि चाचणीत मुलगी पूर्ण वेळ खेळली. तिची निवड झाली, परंतु त्याचे श्रेय बुटाला देण्याचा माझा हेतू नाही.

मुलीच्या भिंतीवर मनीषा कल्याणचे चित्र आहे. पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यातली ही खेळाडू २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन संघाकडून युरोपातील महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. भारताच्याच बाला देवीला स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने करारबद्ध केले ते २०२० मध्ये, तिने तिशी गाठता गाठता. ५ जुलै २०२५ रोजी संगीता बासफोरच्या दोन गोलांनी भारताने थायलंडला २-१ असे हरवून आशियाई चषकात स्थान मिळवले, त्या रात्री आमच्या घरात कोणी वेळेवर जेवले नाही. या खेळात मुलींची कारकीर्द मोजक्याच वर्षांची असते आणि त्यातले एक वर्ष दुखापतीत गेले तर ते परत मिळत नाही. म्हणूनच पायातील बुटाचा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. ब्राझीलची मार्ता २०१९ च्या विश्वचषकात कोणत्याही कंपनीचे चिन्ह नसलेले काळे बूट घालून उतरली होती, कारण पुरुष खेळाडूंपेक्षा कमी रकमेचा करार तिने नाकारला होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोल केल्यावर तिने आपल्या बुटाकडे बोट दाखवले, त्या बुटावर समानतेचे चिन्ह होते. ते छायाचित्र मी दुकानदारांना मोबाइलवर दाखवले. त्यांनी ते मोठे करून बुटाची शिलाई पाहिली.

दुकानाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सोलला शिलाई घातल्यावर भोकांतून पाणी आत येते. आपल्याकडच्या जून-जुलैच्या पावसात, तांबड्या चिखलात तासभर खेळले की मोजे भिजतात. दर पंधरवड्याला शिवणीवर मेण घासल्यास हे बरेच कमी होते. बूट किंचित जडही होतो. पावती मिळत नाही. पावसाळा तोंडावर आला की छत्र्या आणि शाळेची दप्तरे यांची रीघ लागते, त्या काळात चार दिवसांचे दहा दिवस होतात. स्टड बसवलेली खालची प्लेट तडकली असेल तर ते काम घेत नाहीत. माझ्यासमोरच एका मुलाचा बूट त्यांनी परत केला आणि पैसे वाया घालवू नका म्हणून सांगितले. लांबीला मोठा झालेला बूट लहान करून मिळणार नाही. त्यामुळे ‘वाढता पाय आहे’ म्हणून दोन अंक मोठा बूट घेणाऱ्या पालकांना येथेही उपाय सापडणार नाही.

दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडे असते आणि मराठी, कानडी दोन्ही चालते. बूट धुऊन, पूर्ण वाळवून न्यावेत, जुने इनसोल फेकून न देता बरोबर ठेवावेत, आणि खेळाडूलाही सोबत न्यावे, कारण पाय पाहिल्याशिवाय ते टाचेच्या कामाला हात लावत नाहीत. गेल्या महिन्यात मुलीला हा जोड लांबीला कमी पडू लागला, म्हणून आम्ही तो तिच्याबरोबर सराव करणाऱ्या येळ्ळूरच्या एका लहान मुलीला दिला. तिला घेऊन दुकानात गेलो, तेव्हा दुकानदारांनी टाचेच्या जुन्या पट्ट्या काढल्या, नव्या कागदावर तिच्या पावलांची रेघ ओढली आणि तिलाही बोळात दहा पावले धावायला सांगितले.