अमेरिका की हैती: समतेचा शब्द कोणी पाळला?

१७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘सर्व माणसे समान’ असे लिहिणारा जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता. मसुद्यातला गुलामांच्या व्यापारावर ताशेरे ओढणारा परिच्छेदही काँग्रेसने (अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने) गाळला. गुलामी संपायला १८६५ उजाडले. (आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना.)

हैतीत, म्हणजे कॅरिबियनमधल्या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत, मात्र उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांनीच १७९१ मध्ये उठाव केला, पुढे नेपोलियनची फौज हरवली आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. मला हीच क्रांती मोठी वाटते. समतेचा शब्द त्यांनी मालकांपेक्षा खरा मानला. १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यतेच्या बदल्यात त्यांच्याकडेच १५ कोटी फ्रँक मागितले, तेही जुन्या मळेवाल्यांच्या भरपाईसाठी!