पोटगी थकली: वसुली करावी की रक्कम बदलून घ्यावी?

घटस्फोटाच्या वेळी ठरलेली पोटगी पुढे कुणाला तरी पुरत नाही, नाहीतर झेपत नाही. गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा, 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये, डिचोली-साखळीकडच्या कितीतरी ट्रकवाल्यांची कमाई आटली. दुसरीकडे पहिलीतली मुलगी बारावीत पोचते आणि जुन्या रकमेत तिची फीसुद्धा भागत नाही.

आधी कपाटातला हुकूम काढून शिक्का बघा: दिवाणी कोर्टाचा आहे की दंडाधिकाऱ्यांचा? गोव्यात हिंदू विवाह कायदा लागू नाही, घटस्फोट 1910 च्या पोर्तुगीज कायद्याने होतो. त्यामुळे सावंतवाडीच्या मावशीला उपयोगी पडलेलं त्या हिंदू विवाह कायद्यातलं पोटगीचं कलम 25 तुम्हाला उपयोगी पडेलच असं नाही. दंडाधिकाऱ्यांकडची पोटगी मात्र धर्म कुठलाही असो, देशभर एकच: पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144.

ठरलेली रक्कम योग्य आहे, फक्त येत नाही, असं असेल तर वसुलीच करा. दंडाधिकाऱ्यांचा हुकूम असेल तर पैसे देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. अर्ज केला की वॉरंट निघतं आणि न भरलेल्या दर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून बाकी फिटत नाही. "पुढच्या महिन्यात देतो" यावर वर्ष घालवणाऱ्या बायका पाहिल्या की जीव तुटतो, कारण हा सोपा रस्ता तिथेच बंद होतो. दिवाणी हुकूमनामा असेल तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायची. मुदत त्या त्या हप्त्याच्या तारखेपासून 12 वर्षे. पगार जप्त करायचा झाला तर पोटगीसाठी त्यातला एक तृतीयांशच सुरक्षित राहतो. साध्या कर्जाच्या जप्तीत पगाराला याहून बरंच जास्त संरक्षण असतं.

परिस्थितीच पालटली असेल तर बदलाचा अर्ज. दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमासाठी हे त्याच सुरक्षा संहितेचं कलम 146. नोकरी गेली, आजार आला, मुलांचा खर्च वाढला, हे कागदांनी दाखवावं लागतं. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या प्रकरणांत दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पासबुकात महिन्याला पैसे खेळताना दिसले तर "कामधंदा नाही" हे टिकत नाही.

देणाऱ्याने एक गोष्ट नीट ऐकावी: स्वतःच पैसे बंद करू नका. बदल साधारणपणे अर्जापासून पुढे मिळतो, मागची थकबाकी डोक्यावर राहते. कमाई घटली की लगेच अर्ज करा, तोवर जमेल तेवढं बँकेतून भरा. फोनवर ठरलेली कमी रक्कम कोर्टात नोंदवून घ्या.

घेणाऱ्या बाईला दोन्ही करता येतं, आणि मी तेच सुचवेन: थकलेलं वसूल करा, पुढच्यासाठी वाढ मागा. "मुलांसाठी काही मागणार नाही" असं करारात लिहून दिलं असलं तरी मुलांचा हक्क आईबापाला सोडून देता येत नाही. मुलांच्या ताब्याचा हुकूमही त्यांच्या हितासाठी बदलता येतो.

गोव्यात नवरा-बायकोला मिळणाऱ्या अर्ध्या वाट्याच्या मालमत्तेचं तसं नाही. एकदा वाटणी झाली की भाव वाढले म्हणून ती उकलत नाही. फसवणूक सिद्ध करावी लागते.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर म्हापसा, पणजी, मडगाव, जे जवळ असेल तिथल्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाची चौकशी करा. बाईला उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो.