फास्टएपीआय: दूध संकलनाच्या कामात दोन वर्षं वापरल्यावर

कोल्हापूर भागातल्या एका दूध संस्थेसाठी मी बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड लिहिते. उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, मशीन लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) देतं आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. हा हिशेब मोबाइल ॲपपर्यंत नेणारी रेस्ट एपीआय, म्हणजे ॲप आणि सर्व्हर यांच्यातला दुवा, मी दोन वर्षांपूर्वी फास्टएपीआय या पायथनच्या फ्रेमवर्कवर (तयार सांगाड्यावर) बांधली.

त्याआधीच्या एका कामात एपीआयची माहिती वर्ड फाइलमध्ये असायची. कोडमध्ये एका फील्डचं नाव बदललं, फाइल जुनीच राहिली, आणि चार दिवस ॲपवर सगळ्यांचं फॅट शून्य दिसत होतं. माणसं पासबुक घेऊन संस्थेत आली. ज्यांचं घर त्या पैशावर चालतं त्यांना काय उत्तर द्यायचं? कोडपासून वेगळी लिहिलेली माहिती मला तेव्हापासून नकोच होती.

सेबास्तियान रामिरेझ यांनी २०१८च्या डिसेंबरात आणलेलं हे फ्रेमवर्क नेमकं इथेच मला पटलं. तुम्ही फंक्शनला पायथनचे टाइप लावता, म्हणजे कुठे आकडा येणार, कुठे मजकूर, ते लिहिता. त्याच टाइपवरून येणारा डेटा तपासला जातो आणि त्याच टाइपवरून ओपनएपीआय या ठरलेल्या नमुन्यात एपीआयचा तपशील तयार होतो. पत्त्यापुढे स्लॅश देऊन डॉक्स टाइप केलं की स्वॅगरचं, म्हणजे एपीआयच्या माहितीचं पान उघडतं. ॲप लिहिणारा मुलगा पुण्यात बसतो. तो त्या पानावर लॉगिन करतो, तिथूनच विनंती पाठवून बघतो, आणि मला फोन करायची वेळ फार क्वचित येते. म्हशीच्या दुधाचं फॅट ६.५ ऐवजी ६५ आलं तर ४२२ चा (डेटा चुकीचा असल्याचा) एरर जातो, कुठलं फील्ड चुकलं ते सांगून. मर्यादा मात्र आपणच लिहायची. ती लिहिली की त्या पानावरही दिसते.

सुरक्षेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रिस्पॉन्स मॉडेल, म्हणजे उत्तरात कुठली फील्ड जातील त्याचा साचा. उत्पादकाच्या टेबलात बँक खातं आणि आधार क्रमांकही असतो. बाहेर काय जायचं ते मॉडेलमध्ये ठरवलं की बाकीचं गाळलं जातं, मग आत कोणी अख्खी नोंद परत केली तरी चालतं.

पण परवानगीचा प्रश्न फ्रेमवर्क सोडवत नाही, आणि नव्या लोकांची गल्लत इथेच होते. टोकन (लॉगिननंतर मिळणारी ओळखखूण) खरं आहे म्हणजे मागितलेलं बिल त्याच सभासदाचं आहे असं नव्हे. पत्त्यातला सभासद क्रमांक बदलून शेजाऱ्याचं बिल दिसणं, या दोषाला ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय धोक्यांच्या यादीत २०१९ आणि २०२३ दोन्ही वेळा पहिला क्रमांक आहे. फास्टएपीआयच्या डिपेंडन्सीमुळे (आधी चालणाऱ्या सामायिक फंक्शनमुळे) ही तपासणी एका जागी लिहून प्रत्येक एंडपॉइंटला, म्हणजे एपीआयच्या प्रत्येक पत्त्याला जोडता येते, ही सोय उत्तम आहे. जोडायची आठवण आपलीच. रेट लिमिट, म्हणजे ठरावीक वेळेत किती विनंत्या घ्यायच्या त्याची मर्यादा, मुळात नाहीच, ती मी पुढे बसवलेल्या एनजीनएक्स या वेब सर्व्हरवर लावली.

एक तक्रार मनापासून आहे. मॉडेलमध्ये नसलेलं फील्ड आलं तर ते डीफॉल्टने गुपचूप सोडून दिलं जातं. आमच्याकडे सत्राचं (सकाळ की संध्याकाळ) फील्ड ऐच्छिक होतं, न दिल्यास सकाळ. ॲपमध्ये त्याच्या स्पेलिंगात एक अक्षर चुकलं, आणि संध्याकाळचं दूध सकाळच्या खात्यात जमा होत राहिलं. एररही नाही, काही नाही. आता प्रत्येक इनपुट मॉडेलला जादा फील्ड नाकारायची सेटिंग लावते आणि सत्र सक्तीचं केलंय. डीफॉल्ट उलटा असायला हवा होता.

दुसरं म्हणजे फास्टएपीआयची आवृत्ती अजून शून्याने सुरू होते, म्हणजे नव्या आवृत्तीत जुना कोड मोडू शकतो, त्यामुळे वापरायच्या आवृत्तीचा नेमका आकडा बांधून ठेवा. फास्टएपीआय डेटा तपासायला पायडँटिक ही लायब्ररी वापरतं. २०२३ मध्ये आलेल्या पायडँटिक २ वर जाताना सगळे व्हॅलिडेटर (तपासणीची फंक्शन्स) बदलण्यात माझा आठवडा गेला. स्वॅगरच्या पानाच्या फाइली सीडीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून येतात. इंटरनेट नसलेल्या केंद्रावर पान कोरं दिसतं, तर त्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. प्रॉडक्शनवर ते पान मी बंदच ठेवते, चाचणीच्या सर्व्हरवर उघडं.

लहान टीमने नवी एपीआय सुरू करायची असेल तर मी हेच सुचवेन. माझ्याकडे नवा एंडपॉइंट आला की पहिली टेस्ट ठरलेली असते: एका सभासदाचं टोकन घेऊन दुसऱ्याचं बिल मागायचं. ४०४ (सापडलं नाही) आला तरच पुढचं काम.