काली रिव्हर रॅपिड्स : थरार कमी, भिजणं फुल, आणि सासूबाईंचा हत्ती

मे-जून आला की अमेरिकेतल्या निम्म्या मराठी घरांत कुणाचे तरी आई-बाबा नाहीतर सासू-सासरे आलेले असतात आणि ग्रुपवर तोच प्रश्न पडतो, ऑर्लँडोला नेतोय पण वयस्कर माणसांना झेपेल असं तिथं काय आहे. तर डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडम पार्कातल्या काली रिव्हर रॅपिड्स या पाण्यावरच्या राइडबद्दल सविस्तर लिहितेय, कारण या राइडबद्दल एकतर "ऑसम" लिहिलेलं सापडतं नाहीतर "वेस्ट ऑफ टाइम", आणि खरं सांगायचं तर दोन्ही बरोबर आहे, तुम्ही कशासाठी बसताय त्यावर आहे सगळं. राफ्टिंगचा थरार पाहिजे असेल तर हिरमोड होणार. घरच्यांना गोल बसवून कुणाची कशी फजिती होते ते बघायचं असेल तर याच्यासारखी राइड त्या अख्ख्या पार्कात नाही.

बेसिक माहिती आधी उरकते. पार्क १९९८ चं, ही राइड १९९९ ला एशिया भागाबरोबर आली. गोल राफ्ट, एका वेळी १२ जण, सगळ्यांची तोंडं आत, प्रत्येकाला बेल्ट. उंची कमीत कमी ३८ इंच, म्हणजे ९७ सेंटीमीटर, त्यामुळे चारेक वर्षांची पोरं सहसा बसतात. कंबर, मान, पाठ यांचं दुखणं असेल किंवा प्रेग्नंट असाल तर बसू नका असं बोर्डवरच लिहिलंय आणि ते मनावर घ्या, धक्के बसतात. पाण्यावरचा वेळ साधारण पाच मिनिटं, बस.

आता रांग. यात मला सगळ्यात जास्त मजा आली हे ऐकून नवरा हसतो, पण खरंच. सगळा भाग आनंदपूर नावाच्या कुठल्याशा काल्पनिक राज्यात आहे, थोडा भारत थोडा नेपाळ थोडा इंडोनेशिया असं मिसळलेलं, आणि जो रोहडी म्हणून डिस्नेचे डिझायनर होते त्यांच्या टीमने आशियात फिरून बारकावे टिपून आणले होते ते दिसतं. भिंतीचे पोपडे मुद्दाम उडवलेत, रंगावर रंग मारलेला, विजेच्या तारांचा गुंता, पडकं देऊळ, चित्रं काढलेला मंडप. मध्ये मिस्टर पानिकांचं दुकान लागतं, अँटिक वस्तूंचं, आणि बोर्डवर लिहिलंय की अँटिक इथे ऑर्डरप्रमाणे बनवून मिळतील. मी तिथं खोखो हसले आणि आजूबाजूचे गोरे लोक माझ्याकडे बघायला लागले, त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं बहुतेक. ज्याने कुणी तो बोर्ड लिहिलाय त्याने आपल्याकडच्या टुरिस्ट गावातून "शंभर वर्षं जुना" दिवा नक्की विकत घेतला असणार.

सासूबाईंचं मत वेगळं होतं. त्यांनी पोपडे बघितले, तारा बघितल्या आणि म्हणाल्या, "हे बघायला एवढे डॉलर मोजले होय? मिरजेच्या स्टेशनबाहेर फुकट दिसतं की." तेही खरंय. पुढे बूट-चप्पल काढायची नाही असा नियम आहे म्हटल्यावर त्यांनी अजूनच तोंड वाकडं केलं, कालीचं नाव आणि पायात चप्पल, हे त्यांना काही पटेना. बसणार नव्हत्याच त्या, पण रांगेतून शेवटपर्यंत आल्या आणि तिथून बाहेरच्या वाटेने परत गेल्या. त्यांचं काय झालं ते पुढे सांगते, ती या रिव्ह्यूमधली मेन गोष्ट आहे.

बसायची जागा म्हणजे एक मोठी गोल फिरती चकती, राफ्ट तिला चिकटून फिरत राहतात आणि तुम्ही हळूहळू सरकणाऱ्या जमिनीवरून आत पाय टाकायचा. वयस्कर माणसाचा हात धरा तेवढं, बाकी अवघड नाही. प्रत्येक राफ्टला ट्रकच्या मागे असतं तसं नाव रंगवलेलं असतं, आम्हाला दिल्ली डोनट मिळाली, शेजारून शेर्पा सर्फर गेली. मग मोठ्या पट्ट्यावरून राफ्ट चढ चढते, धुक्यातून, आणि धुक्याला मोगऱ्यासारखा वास येतो. हा भाग फार सुंदर आहे. सगळे गप्प होतात. लेक म्हणाली आजीच्या गजऱ्याचा वास येतोय.

इथेच सासऱ्यांनी तोंड उघडलं. बाबा म्हणजे सांगलीकडचे, आयुष्यभर ऊस आणि कृष्णेचं पाणी. त्यांना ना देऊळ दिसलं ना धुकं, ते वाकून पट्ट्याच्या खाली बघत होते. "पाणी वर कोण आणतंय?" म्हटलं पंप असतील बाबा. मग म्हणे किती एचपीचे? आता मला काय माहिती. पण त्यांनी पुढच्या दोन मिनिटांत अख्खी राइड उलगडली, की खाली तळं असणार, तिथनं मोठाले पंप पाणी वर फेकणार, वरून सिमेंटच्या पाटाने ते उताराला लागणार आणि परत तळ्यात, "म्हणजे आपली म्हैसाळ योजनाच की, फक्त शेवटी ऊस नाही." आणि बरोबर आहे ते, या सगळ्या राइड अशाच चालतात. नदी म्हणून जे दिसतं तो काँक्रीटचा पाट असतो, तळाला आणि कडेला अडथळे बसवून पाणी खवळवतात, राफ्टला रूळ नसतो त्यामुळे ती धडकत, फिरत, मन मानेल तशी जाते. हा प्रकार सुरू झाला १९८० मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्डला, थंडर रिव्हर नावाने, इंटामिन कंपनीने बनवलेली. ते पार्क २००५ ला बंदही पडलं पण राइडचा प्रकार जगभर पसरला.

पंप म्हटलं की नवऱ्याला ऑस्ट्रेलियातलं ड्रीमवर्ल्ड आठवतं. २०१६ मध्ये तिथल्या अशाच राइडचा पंप बंद पडला, पाणी उतरलं, एक राफ्ट अडकली आणि मागून येणारी तिच्यावर आदळली, चार माणसं गेली. ती राइड नंतर कायमची काढून टाकली. हे सांगायचं कारण एवढंच की बेल्ट तपासणारी मुलं-मुली कडक वागतात तेव्हा वैतागू नका, आणि राफ्ट मध्येच थांबली तर उठून उभं राहायचं नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही. आमच्या राफ्टमधला एक काका सारखा बेल्ट सोडायला बघत होता, सासऱ्यांनी त्याला मराठीत झापला आणि तो बसला गपचूप, भाषा कळायची गरजच पडली नाही.

चढ संपल्यावर खरी राइड. इथे माझी मोठी तक्रार आहे. डिस्नेने याला गोष्ट दिलीय, जंगल तोडणाऱ्या लाकूडवाल्यांची. तुम्ही हिरव्यागार झाडीतून जाता आणि अचानक दोन्ही बाजूंना जळकं, उजाड रान, ओंडके लादलेला ट्रक, धूर, आणि मग राफ्ट खाली कोसळते. कल्पना जबरदस्त आहे. पण राफ्ट फिरत असते ना! तुमचं तोंड त्या वेळी कुठे असेल ते देवाला माहीत. नवरा आणि मुलगा समोर बसलेले, त्यांना ट्रक दिसला, मला आणि लेकीला मागची झाडी दिसली, आणि बाबा बुटात पाणी किती शिरलं ते बघत होते. बाहेर आल्यावर लेकीला विचारलं तर तिला काही जळत होतं हेच माहीत नाही. आणि जिला आगीची झळ लागायला पाहिजे तिला ती पुढच्या दहा सेकंदांत पाण्यात बुडवली तर ती झाडांचा विचार करेल का? एवढा खर्च करून उभी केलेली गोष्ट बाराजणांपैकी चार-पाचजणांनाच दिसते. मुळात हिचं नाव टायगर रॅपिड्स रन ठेवणार होते आणि नदीकाठी वाघ दिसणार असा बेत होता म्हणे, तो बारगळला ते एका अर्थी बरंच झालं, निम्म्या लोकांना वाघाची शेपटीपण दिसली नसती.

आणि उतार एकच. मोठा आहे, पोटात गोळा येतो, पण एकच, आणि त्यानंतर संपत आल्यासारखंच असतं. युनिव्हर्सलच्या आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरला पॉपायची बिल्ज-रॅट बार्जेस आहे, तीपण १९९९ चीच, तिथे धबधबे, फवारे, कडेवरून पाणी मारणारे लोक, कुणीच कोरडं सुटत नाही. नुसतं भिजायचं असेल तर तिकडे जा. कालीमध्ये नशिबाचा खेळ आहे, उतरताना ज्याची पाठ खालच्या बाजूला त्याच्या अंगावर अख्खी लाट, आणि समोरचा कोरडा ठणठणीत बसून हसतोय. पण मला विचाराल तर राइडची जान यातच आहे! रोलर कोस्टरवर तुम्हाला पुढच्याचं डोकं दिसतं, इथे सगळ्यांचे चेहरे समोर असतात. राफ्ट उताराच्या तोंडाशी आली, फिरली, आणि नवऱ्याला कळलं की आपली पाठ उताराकडे आलीय, त्या क्षणी त्याच्या तोंडावर जे काही आलं ते मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. वरून लाट आली ती मानेतून आत आणि पायातून बाहेर. मुलगा तर किंचाळून किंचाळून लाल झाला. बाबा मात्र शांत, चष्मा हातात धरून, कृष्णेच्या पुरात पोहलेला माणूस तो, म्हणाले "हां, आता जरा पाणी आलं."

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलेल्यांनी आधीच मन तयार ठेवा. तिथंही पाणी माणसानेच सोडलेलं असतं, भिऱ्याच्या वीज प्रकल्पाचं, सकाळी सोडतात तेव्हाच राफ्टिंग, पण हातात वल्हं असतं, गाइड ओरडत असतो, दगड खरे असतात. इथे तुम्ही बेल्ट लावून बसलेलं सामान आहात. हात हलवायची सोय नाही. इमॅजिकातली राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर वेगळ्या प्रकारची आहे, रांगेत बसायची बोट, तिच्याशी तुलना नको.

आता सासूबाई. शेवटच्या टप्प्यात पाण्याच्या कडेला दोन हत्ती आहेत, दगडी दिसणारे, आणि वरून एक पूल जातो. त्या पुलावर बटणं आहेत, बटण दाबलं की हत्ती सोंडेतून खालच्या राफ्टवर पाणी मारतो. हे आम्हाला माहीत होतं पण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतः शोधून काढलं. आम्ही वळणावरून आलो तर आई पुलावर, पदर खोचलेला, एक बोट बटणावर, आणि डोळे बारीक करून राफ्टचा अंदाज घेतायत. लेक ओरडली "आजी नको!" आणि आजीने बरोबर वेळ साधली. नवरा परत भिजला. नंतर कळलं की आमच्या आधी येणाऱ्या प्रत्येक राफ्टवर त्यांनी प्रॅक्टिस केली होती, शेजारच्या एका आफ्रिकन-अमेरिकन आजींबरोबर टीम बनवून, या बोट दाखवणार त्या दाबणार, भाषा दोघींना एकमेकींची येत नाही. जेवायला चला म्हटलं तर "थांब गं, ही एक येऊ दे." तर ज्यांना बसायचं नाही त्यांना बाकड्यावर बॅगा राखायला ठेवू नका, पुलावर पाठवा. बटण जरा उशिराने काम करतं, राफ्ट हत्तीच्या थोडी अलीकडे असतानाच दाबायचं, हे सासूबाईंचं ज्ञान.

तयारीचं. राफ्टच्या मधोमध सामानाला कप्पा असतो पण त्याच्यावर फोनचा भरवसा ठेवू नका, शेजारी लॉकर आहेत, ठरावीक वेळ फुकट, त्यातच टाका सगळं. जीन्स घालून बसू नका, संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि मांड्या सोलवटून निघतात. क्रॉक्स किंवा पट्ट्यांच्या सँडल बेस्ट, सॉक्सचा जादा जोड पिशवीत. पाँचो, म्हणजे डोक्यातून घालायचे प्लॅस्टिकचे रेनकोट, आम्ही हॉटेलजवळच्या एका दुकानातून स्वस्तात घेतले होते, पहिल्याच धक्क्याला बगलेत फाटले, आणि पाणी तसंही खालून येतं त्यामुळे पाँचोचा उपयोग मानसिकच. भिजून लगेच एसी रेस्टॉरंटमध्ये शिरू नका, तिथं फ्रीजसारखं थंड असतं, वयस्कर माणसं गारठतात. त्यापेक्षा शेजारी महाराजा जंगल ट्रेक आहे तिथे चालत फिरा, वाघ आणि मोठाली वटवाघळं बघता बघता अर्धे कपडे वाळतात.

उन्हाळ्यात दुपारी रांग खूप वाढते, आणि नेमकं दुपारीच फ्लोरिडात ढग येतात, विजा आसपास असल्या की राइड बंद करतात, मग तासभर ताटकळायचं. आम्ही सकाळी अकराच्या आत उरकलं, ते बरं पडलं. जानेवारी-फेब्रुवारीत येणार असाल तर तिकीट काढायच्या आधी अ‍ॅपमध्ये बघून घ्या, थंडीच्या दिवसांत दुरुस्तीसाठी बऱ्याचदा बंद असते, आणि चालू असली तरी त्या गारठ्यात कोण भिजणार.

पाचपैकी साडेतीन. हत्तींसकट चार.