क्लस्टरवर व्हीएस कोड: रिमोट-एसएसएच काही महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच देऊन टाकतो. कोड लिहायला, लॉग वाचायला आणि डीबगिंगला व्हीएस कोड या एडिटरचं रिमोट-एसएसएच (दूरच्या मशीनला एसएसएचने जोडून काम करू देणारं एक्स्टेंशन) क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर (नोडांवर), फार सोयीचं आहे, फक्त ते लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून आत येतात त्या नोडवर, चालवायचं नाही. स्लर्मकडून (क्लस्टरवरची कामं, म्हणजे जॉब, नोडांना वाटून देणाऱ्या प्रणालीकडून) कॉम्प्युट नोड, म्हणजे प्रत्यक्ष गणना करणारा नोड, मागायचा आणि एडिटर तिथे जोडायचा. कनेक्शन सारखं तुटतं, लॉगिन नोड रांगतोय, ॲडमिनचा खरमरीत मेल आला, या बहुतेक तक्रारींचं मूळ एडिटर चुकीच्या नोडवर चालण्यात असतं.

लॅपटॉपवर दिसते ती फक्त खिडकी. पहिल्या जोडणीत हे एक्स्टेंशन क्लस्टरवरच्या होममध्ये (तुमच्या खात्याच्या फोल्डरात) ‘डॉट-व्हीएसकोड-सर्व्हर’ हा फोल्डर तयार करतं आणि त्यात नोड-जेएसवर चालणारा सर्व्हर उतरवतं. त्यानंतर फाइलींवरची पाळत, शोध, टर्मिनल, गिट, पायथन कोड तपासणारं पायलान्स, सी-प्लस-प्लसचं विश्लेषण हे सगळं तिकडेच चालतं. थीम आणि कीबोर्डची मांडणी तेवढी लॅपटॉपवर राहते. मोठ्या रेपॉझिटरीवर पायलान्स एकटंच जीबीच्या पुढे मेमरी घेतं. लॉगिन नोड सगळ्यांचा असतो आणि बऱ्याच ठिकाणी दर वापरकर्त्याला सीग्रुपची (प्रोसेसांना मेमरी आणि कोर मोजून देणाऱ्या लिनक्सच्या गटाची) मर्यादा असते. ती ओलांडली की प्रोसेस मारली जाते आणि एडिटर ‘रीकनेक्टिंग’ दाखवत बसतो. लोक वायफायला दोष देतात.

कॉम्प्युट नोडवर जायला लॅपटॉपवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये दोन नोंदी लागतात. पहिली लॉगिन नोडची: होस्टनेम, युजर, सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ६०, आणि मॅक किंवा लिनक्स असेल तर कंट्रोलमास्टर ऑटो, कंट्रोलपाथ व कंट्रोलपर्सिस्ट. शेवटच्या तिघांमुळे ओटीपी एकदाच द्यावा लागतो आणि पुढच्या जोडण्या त्याच कनेक्शनवरून जातात. विंडोजच्या मूळ ओपन-एसएसएचमध्ये कंट्रोलमास्टर चालत नाही, त्यामुळे तिथे ओटीपीचा जाच राहतोच. दुसरी नोंद कॉम्प्युट नोडांची: नोडांची नावं ‘सीएन’ने सुरू होत असतील तर ‘सीएन’ आणि पुढे तारा (*), प्रॉक्सीजंपमध्ये पहिल्या नोंदीचं नाव. अशी तारांकित नोंद एडिटरच्या यादीत दिसत नाही, नोडचं पूर्ण नाव हाताने टाइप करावं लागतं. पब्लिक की क्लस्टरवरच्या ऑथराइज्ड-कीजमध्ये एकदा टाकली की पुरते, कारण होम सगळ्या नोडांवर तेच असतं.

लॉगिनच्या एकाच नावामागे तीन-चार नोड फिरत असतील तर कॉन्फिगमध्ये क्रमांकासकट एकच नोड लिहावा. नाहीतर आज एका नोडवर सुटून राहिलेल्या प्रोसेस उद्या दुसऱ्या नोडवरून दिसत नाहीत, आणि होम सामायिक असल्याने जुन्या लॉक फाइली नव्या जोडणीला आडव्या येतात. होम एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायच्या सामायिक डिस्कवर) असेल तर ‘लॉकफाइल्स-इन-टेम्प’ ही सेटिंग चालू करावी. कनेक्ट-टाइमआउट मुळात १५ सेकंदांचा असतो. ओटीपी शोधेपर्यंतच तो संपतो, म्हणून ६० करावा आणि ‘शो-लॉगिन-टर्मिनल’ चालू ठेवावं, म्हणजे पासवर्ड किंवा ओटीपी कुठे मागितला जातोय ते दिसतं.

आता जॉब. एसबॅचला (जॉब रांगेत टाकणाऱ्या स्लर्मच्या कमांडला) रॅप पर्यायात ‘स्लीप इन्फिनिटी’ द्यायचं, सोबत १ टास्क, ४ कोर, १६ जीबी मेमरी, ४ तास. संपादन आणि छोट्या चाचण्यांना एवढं भरपूर होतं. एसअलॉक या कमांडनेही नोड मिळतो, पण ज्या टर्मिनलमधून मागितला ते बंद पडलं की वाटपही जातं. ते वापरायचंच असेल तर टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) चालवावं. ‘एसक्यू --मी’ने (squeue --me, आपल्या जॉबांची यादी) नोडचं नाव बघायचं आणि एडिटरमध्ये त्याच नावाने जोडायचं. हे जमतं ते पॅम-स्लर्म-ॲडॉप्टमुळे: त्या नोडवर तुमचा जॉब चालू असेल तरच एसएसएच आत सोडतं आणि तुमची जोडणी त्या जॉबच्या सीग्रुपमध्ये घालतं. म्हणजे एडिटर कितीही पसरला तरी मागितलेल्या १६ जीबीतच. पुण्यातल्या आयसरचा परम ब्रह्म असो की परदेशातल्या एखाद्या विद्यापीठाचा क्लस्टर, स्लर्म आणि ही व्यवस्था असेल तर पायऱ्या याच. कॉम्प्युट नोडवर एसएसएच पूर्ण बंद असेल तर जॉबमध्ये स्वतःचा एसएसएचडी (एसएसएच सर्व्हर) चालवण्याची युक्ती सापडते. ती चालते, पण आधी केंद्राला विचारून.

या व्यवस्थेचा सर्वांत फसवा भाग टर्मिनलमध्ये आहे. एसएसएचने आत गेलेल्या सत्रात स्लर्मची बहुतेक पर्यावरण-चलं नसतात. टास्कांची संख्या, कूडा-व्हिजिबल-डिव्हाइसेस (कोणते जीपीयू वापरायचे ते) हे सगळं रिकामं दिसतं, आणि त्यावर विसंबलेली स्क्रिप्ट विचित्र वागते. उपाय असा: एडिटरच्या टर्मिनलमध्येच एसरनला (जॉबच्या आत एक स्टेप, म्हणजे एक काम, सुरू करणाऱ्या कमांडला) जॉब आयडी, ‘ओव्हरलॅप’ आणि ‘पीटीवाय’ हे पर्याय देऊन बॅश उघडायचं. ‘ओव्हरलॅप’ विसरलात आणि त्या जॉबमध्ये एसरनची दुसरी स्टेप आधीच चालू असेल तर एसरन थांबून राहतं, कारण स्लर्म २०.११ पासून एका स्टेपने धरलेली साधनं दुसरीला आपोआप मिळत नाहीत. (इथे पाच मिनिटं काही पुढे सरकलं नाही की लोक क्लस्टर बिघडला असं समजतात.) वेळ संपली की जॉबसोबत एडिटरचा सर्व्हर आणि त्या टर्मिनलमधलं सगळं जातं, तेव्हा ऑटोसेव्ह चालू हवं आणि लांबलचक ट्रेनिंग वेगळ्या एसबॅचमध्ये हवं. जीपीयू नोड केवळ कोड टाइप करायला अडवून ठेवणं हा इतरांवर अन्याय आहे. संपादन सीपीयू नोडवर करावं.

कॉम्प्युट नोडला बहुधा इंटरनेट नसतं, त्यामुळे सर्व्हर उतरवण्याच्या पायरीवरच जोडणी अडते. ‘लोकल-सर्व्हर-डाउनलोड’ ही सेटिंग ‘ऑलवेज’ केली की लॅपटॉप सर्व्हर उतरवून घेतो आणि पुढे पाठवतो. एक्स्टेंशनांसाठी ‘डाउनलोड-एक्स्टेंशन्स-लोकली’ आहे. किंवा एडिटर अपडेट झाल्यावर लॉगिन नोडला एकदा मिनिटभर जोडायचं. सर्व्हर सामायिक होममध्ये बसतो आणि कॉम्प्युट नोडला तो तयारच मिळतो.

पाळतीबद्दल थोडं सविस्तर, कारण खर्च इथेच होतो आणि दिसत नाही. एडिटर उघडलेल्या फोल्डरातल्या प्रत्येक उपफोल्डरवर आयनोटिफाय (फाइलींतले बदल कळवणारी लिनक्सची सोय) लावतो. लस्टर (क्लस्टरवरची सामायिक फाइल प्रणाली) किंवा एनएफएसवर आयनोटिफायला फक्त त्याच नोडवरून झालेले बदल कळतात. दुसऱ्या नोडवरचा जॉब आउटपुट लिहीत असेल तर त्याचा पत्ताही लागत नाही, रिफ्रेश हातानेच दाबावं लागतं. म्हणजे लाखभर फाइलींच्या डेटासेटवर पाळत ठेवून मिळत काही नाही, फाइलींची नावं-ठिकाणं सांभाळणाऱ्या मेटाडेटा सर्व्हरवर मात्र भार पडतो आणि त्याचा त्रास सगळ्या क्लस्टरला होतो. म्हणून ‘वॉचर-एक्सक्लूड’ आणि ‘सर्च-एक्सक्लूड’ या दोन्हींत डेटा, चेकपॉइंट, लॉग आणि कोंडा (पायथन पॅकेजं बसवणारं साधन) एन्व्हायर्नमेंटचे फोल्डर घालावेत, ‘फॉलो-सिमलिंक्स’ बंद करावं. नाहीतर होममधल्या एका सिमलिंकवरून रिपग्रेप (एडिटरचं शोधाचं साधन) थेट स्क्रॅचमध्ये (तात्पुरत्या फाइलींच्या जागेत) घुसतं. होम किंवा स्क्रॅचचं मूळ फोल्डर कधीच उघडू नये, नेमका प्रकल्प उघडावा. या सेटिंग्ज रिमोटच्या टॅबमध्ये टाकाव्यात म्हणजे लॅपटॉपवरच्या कामाला त्यांचा अडथळा होत नाही.

होममधल्या जागेचा कोटा संपतो तो तीन जागी. एडिटरच्या प्रत्येक आवृत्तीचा वेगळा सर्व्हर उतरतो आणि प्रत्येक काहीशे एमबीचा असतो. एक्स्टेंशनांच्या जुन्या प्रतीही साठतात. सी-प्लस-प्लस एक्स्टेंशनची इंटेलिसेन्स कॅश मुळात ५१२० एमबीपर्यंत वाढू शकते आणि ती डॉट-कॅशमध्ये असल्याने नजरेत येत नाही. १० जीबीच्या होममध्ये ती ५१२ वर आणलेली बरी. सर्व्हरचा फोल्डर ‘सर्व्हर-इन्स्टॉल-पाथ’ने प्रकल्पाच्या जागेत हलवता येतो. स्क्रॅचमध्ये मात्र नको. तिथे जुन्या फाइली ठरावीक काळाने पुसल्या जातात, अर्धा सर्व्हर उरतो आणि मग येणाऱ्या एररचा काही अर्थ लागत नाही.

जुन्या क्लस्टरवाल्यांसाठी मोठी अडचण जीलिबसीची (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची) आहे. मार्च २०२५ च्या १.९९ आवृत्तीपासून सर्व्हरला जीलिबसी २.२८ लागते. सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे आणि त्या प्रणालीचा आधार ३० जून २०२४ ला संपला. अशा ठिकाणी १.९८ वर थांबून अपडेट ‘मॅन्युअल’ करायचं, रिमोट-एसएसएच एक्स्टेंशनही तिला जुळणारं ठेवायचं. पॅचेल्फ (प्रोग्रामला वेगळी लायब्ररी जोडून देणारं साधन) आणि वेगळं सिसरूट (नव्या लायब्ररींचा फोल्डर) देऊन नवा सर्व्हर चालवता येतो, पण तो तात्पुरता टेकू आहे.

जोडणी नुसतीच लटकत असेल तर बॅश-आरसी (शेल सुरू होताना चालणारी फाइल) तपासावी. तिथला इको, मॉड्यूल लोडची बडबड किंवा सावकाश चालणारं कोंडा एडिटरच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये मिसळतं. शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर पहिल्याच ओळीत परत फिरावं. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड’ दिसलं तर सर्व्हरवर टीसीपी फॉरवर्डिंग बंद आहे. त्यावर लॅपटॉपवरून सहसा फार काही करता येत नाही.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. लोकलहोस्टवर उघडलेलं पोर्ट त्या नोडवरच्या सगळ्या वापरकर्त्यांना खुलं असतं. ज्युपिटरला टोकन असतं, टेन्सरबोर्डच्या ६००६ पोर्टला काहीच नसतं. डीबगपायला (पायथनच्या डीबगरला) ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या नेटवर्कवर, ऐकायला लावलं तर क्लस्टरवरचा कोणीही तुमच्या नावाने कोड चालवू शकतो. ‘कोड टनेल’ (एसएसएचशिवाय जोडायची व्हीएस कोडची सोय) सोपा वाटतो, पण त्याची वाट मायक्रोसॉफ्टच्या रिलेवरून जाते आणि बऱ्याच केंद्रांत ते नियमाबाहेर आहे.

पर्यायांत झेड हा एडिटर हलका आहे, त्याचा रिमोट भाग रस्टमध्ये लिहिलेला आहे, पण एक्स्टेंशनं कमी. जेटब्रेन्स गेटवे अख्खा आयडीई पलीकडे चालवतो, तेव्हा जॉबमध्ये मेमरी वाढवून मागावी लागते. एसएसएच-एफएस (क्लस्टरवरचा फोल्डर लॅपटॉपवर जोडून देणारं साधन) छोट्या प्रकल्पाला ठीक, गिट स्टेटसला मात्र जांभया येतात. एखादी स्क्रिप्ट बदलायची असेल तर विम पुरे.

काम संपल्यावर खिडकी बंद करणं पुरत नाही. तुटलेल्या जोडणीची वाट सर्व्हर मुळात ३ तास बघतो. कमांड पॅलेटमधून ‘किल व्हीएस कोड सर्व्हर ऑन होस्ट’ द्यायचं आणि एसकॅन्सलने जॉब सोडायचा, नाहीतर रिकाम्या नोडचे तास तुमच्या खात्यावर पडत राहतात.